अकरा किलो

नंदुरबारच्या बाहेर, दोंडाईचा रस्त्याला लागून
पथारीवर मिरची वाळत पडलेली असते,
डोळा थकेल तिथवर.
बसमधून जाणाऱ्याला सुंदर वाटत असेल.
आम्ही खाली बसून देठ खुडतो,
तोंडाला पदर, पदराला ठसका,
किलोमागे पैसे.

त्या बुधवारी जगन मुकादमाने
फुंदाबाईचे अकरा किलो
माझ्या नावापुढे चढवले.
वहीत आम्ही शेजारी शेजारी,
ती वळवी, मीही वळवी,
आणि त्याचा चष्मा घरी राहिलेला.
मी पाहिलं.
आणि पदर सावरला.

खोटं मी बोलले नाही.
हे मी स्वतःला तीन दिवस सांगत होते,
चूल फुंकताना, भाकर उलटताना,
रात्री गुडघे टेकून डोळे मिटल्यावरसुद्धा:
देवबापा, तू पाहतोस,
एक शब्द खोटा बोलले नाही मी.
तो पाहतच होता.
अडचण तीच होती.

आणि फुंदाबाई काही गरीब गाय नव्हे.
गेल्या साली हापशावर माझा हंडा सरकवून म्हणाली होती,
"तुम्ही परार्थनावाल्या, हात कमी, तोंड जास्त."
ते बोलणं मी जपून ठेवलं होतं
बरणीत, मिठात घातलेल्या कैरीसारखं.
अधूनमधून झाकण काढून बघायची, मुरलं का.
अकरा किलो त्या बोलण्याचे, असं मी धरलं.
शिवाय नाताळ तोंडावर,
सलोमीच्या फ्रॉकला लेस हवी.
हिशोब जमला.
हिशोब नेहमी जमतो.

रविवारी गावित पाळक पवित्रतेवर बोलले.
पवित्र म्हणजे वेगळं काढलेलं, म्हणाले.
मी मनात म्हटलं, वेगळं काढणं मला कोण शिकवणार?
दिवसभर दुसरं काय करते?
डागी एकीकडे, फटकी एकीकडे,
बोटांना न बघता कळतं.
मग प्रभुभोजनाचा ट्रे रांगेतून सरकत आला.
इवल्या पेल्यांत द्राक्षरस,
आणि माझी तीच बोटं
उचलेनात.
ट्रे पुढे दिला.
तबीथामावशीने वळून पाहिलं.
आता आठवडाभर ती माझ्यासाठी प्रार्थना करणार,
आणि करतेय हे सगळ्या गल्लीला सांगणार.

सोमवारी मुकादमाला सांगितलं.
कुठे काही उजळलं नाही.
तो वैतागला, वहीत खाडाखोड करावी लागली,
"आधी का नाही बोलली?"
उत्तर होतं, पण ते फार लांब होतं.
फुंदाबाईने पैसे मोजले. पुन्हा मोजले.
कमरेला खोचत म्हणाली,
"माले ठाऊकच व्हतं."
बस. एवढंच.
आणि माझ्या पोटात पुन्हा तोच जाळ,
तीच बरणी, तीच कैरी.
म्हणजे अकरा किलो गेले, लेसही गेली,
आणि मी होते तिथेच?

संध्याकाळी हात राखेने घासले,
ताकात बुडवले, तेल चोळलं.
तरी सलोमीचा गाल पुसला तशी ती कळवळून ओरडली.
मिरचीचं असंच असतं,
धुतली म्हणजे गेली असं नाही.
नखाच्या आत कुठेतरी राहते
आणि नेमकी लेकराला लागते.
मी तिला मांडीवर घेतलं, मनगटाने डोळे टिपले,
मनगट त्यातल्या त्यात स्वच्छ होतं.
नोकरी नाही ही, की एकदा लागली आणि संपलं,
असं काहीतरी त्या वेळी मनात आलं,
पुढे सुचलं नाही.

मंगळवारी नवा ढीग.
कालचा खुडला म्हणून आजचा कमी झाला नव्हता.
दुपारी वारा फिरला, फुंदाबाईला ठसका लागला,
डोळे पांढरे होईस्तोवर खोकत राहिली.
माझा तांब्या माझ्या गुडघ्याशी.
मी मनातल्या मनात दहापर्यंत मोजले,
सातावर उठले.

प्रेमाने नव्हे, खोटं कशाला सांगू.
पण तांब्या दिला.
तिने उष्टा केला, तोंडाला लावून प्याली,
मला तेही आवडलं नाही.

रात्री प्रार्थना छोटी झाली:
देवबापा, आज एवढंच झालं.
उरलेलं पाणी मी प्याले.
थोडं तिखट होतं.